'रन'चा खण रिकामा नव्हता

१

खण उघडला आणि धाकटीचा हात मुठीवरच राहिला.

खण रिकामा असता तर एक वेळ परवडलं असतं. पण तो काठोकाठ भरलेला होता, कार्डांनी अगदी गच्च. फक्त त्यातल्या एकाही कार्डावर अक्षर नव्हतं! पांढरं कोरं, पिवळं कोरं, पुन्हा दोन पांढरी, मग तीन पिवळी. पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घडी घालून ठेवावा तसा तो खण दिसत होता.

आणि तिथे असायला काय हवं होतं? 'रन'!

इंग्रजीतला पोरासोरांनाही येणारा शब्द. पळणे, झालं, असं कुणीही सांगेल. पण या इंग्रजी-मराठी कोशाच्या कचेरीत येऊन असं म्हणून बघा! यंत्र 'रन' होतं तेव्हा आपलं ते चालतं. नाक 'रन' होतं, आपलं वाहतं. दुकान ते पळवतात, आपण चालवतो. कपड्याचा रंग त्यांच्याकडे पळतो, आपल्याकडे नुसता जातो. आणि निवडणुकीत त्यांचा माणूस धावतो, आपला उभा राहतो! एका शब्दाचे इतके अर्थ, की त्याला अख्खा खण दिलेला. प्रत्येक अर्थाला एक कार्ड, प्रत्येक कार्डावर एक जिवंत उदाहरण. उदाहरणाशिवाय अर्थ छापायचा नाही, हा कचेरीचा दंडक.

कोशात लिहायचा उरलेला हा शेवटचा शब्द. तो मुख्य संपादकांनी, म्हणजे अण्णांनी, स्वतःसाठी राखून ठेवला होता. अण्णांनी शिक्कामोर्तब करेपर्यंत 'रन'चं कार्ड दुसऱ्या कुणी वाचायचं नाही, हा नियमही त्यांचाच. आज दुपारी चारला छापखान्याची गाडी तो खण न्यायला येणार होती. धाकटीने तो उघडला होता फक्त आत चिठ्ठी डकवायला.

कचेरीत सगळ्यांत लहान म्हणून ती धाकटी. तिच्याहून लहान अशी एकच व्यक्ती त्या क्षणी तिच्या पायाशी, शेजारच्या खणाची मूठ धरून उभी होती. धाकटीची पावणेदोन वर्षांची लेक, भिंगरी.

भिंगरीच्या तोंडात काहीतरी होतं. धाकटीने बोट घालून ते बाहेर काढलं.

कार्डाचा चघळलेला तुकडा. पिवळा!

२

"मी म्हटलं नव्हतं?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

संस्थेच्या अध्यक्षबाई म्हणजे नाकावर माशी बसू न देणाऱ्या. निरोप मिळाला तशा अर्ध्या तासात त्या हजर झाल्या. खणाभोवती सगळे गोळा झाले. सगळे म्हणजे तरी किती? अण्णा, मुद्रितं तपासणारा काना-मात्रा, टायपिस्ट मावशी आणि लेकीला कडेवर घट्ट धरलेली धाकटी.

"चोर असता तर त्याने सगळी कोरी कार्डं एका रंगाची भरली असती," काना-मात्रा म्हणाला. चुकलेली वेलांटी त्याला वासावरून कळते अशी ख्याती, म्हणून ते नाव. "पांढऱ्यात पिवळी कोण घालेल? डोळे असलेला माणूस तर नक्कीच नाही. हे पोराचंच काम."

"परवा हिनेच तर दोन्ही थप्प्या लोळवल्या," मावशी हळहळल्या. "पांढरी पक्की कार्डं आणि पिवळी कच्च्या खर्ड्याची. मी सगळी एकाच खोक्यात कोंबली, म्हटलं सवडीने वेगळी करू. खोकं जमिनीवर, आणि 'रन'चा खण सगळ्यांत खालचा. हिच्या हाताला आयताच!"

धाकटीने मुठीतल्या पिवळ्या तुकड्याकडे बघितलं. खरंच केलं असेल का हिने? काल संध्याकाळी आपण पाच मिनिटं हात धुवायला गेलो होतो तेव्हा? डोळ्यांत तेल घालून जपतो म्हणतो आपण, आणि नेमक्या त्या पाच मिनिटांत...

अण्णा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. ते हळूच म्हणाले, "लेकरू आहे. झालं असेल खेळता खेळता. कुणाला बोल लावू नका. कार्डं मिळतील सोमवारपर्यंत." आणि टेबलाच्या कडेवरून बोटं फिरवत आपल्या खोलीत निघून गेले. त्यांच्यामागे दार लागलं.

अध्यक्षबाईंनी धाकटीला बाहेर जिन्यापाशी बोलावलं. आवाज चढवला नाही. तेच जास्त भयंकर.

"तुझं काम चांगलं आहे, म्हणून मुलीला आणायला मी होकार दिला होता. पण चारपर्यंत कार्डं मिळाली नाहीत, तर उद्यापासून मूल इथे दिसायचं नाही."

"पण बाई, घरी हिच्याजवळ कुणीच नाही. पाळणाघरात ही दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाही. हिला आणलं नाही तर मलाही..."

"ते मला कळतं," बाई म्हणाल्या. "म्हणूनच चारपर्यंतचा वेळ दिलाय."

घड्याळात अकरा वाजून गेले होते.

३

सगळ्यांनी शोधलं ते भिंगरीच्या उंचीने. कपाटांच्या खाली, पडद्यांच्या मागे, केराच्या टोपल्यांत. काना-मात्रा तर आडवा होऊन टेबलाखाली सरपटला आणि डोक्याला टेंगूळ घेऊन बाहेर आला. कार्डांचा पत्ता नाही.

धाकटी मात्र त्या खणासमोर मांडी घालून बसली. तिची सवयच ती. लेक रडली की आधी रडण्याचा सूर ऐकायचा, ताप आला की आधी कानामागे हात लावायचा. नवरा म्हणे, "तू आई नाहीस, पोलीस आहेस." असो. पोलीस तर पोलीस!

तिने कोऱ्या कार्डांवरून बोट फिरवलं. सर्रर्र. कसं गुळगुळीत!

तिचं बोट थबकलं.

या कचेरीत प्रत्येक कार्डाचा उजवा वरचा कोपरा कापलेला असतो. पांढरं असो वा पिवळं, कागद एकच, जाडी एकच, कापही एकच. कार्ड उलटं लागलं तर कापलेल्या कोपऱ्यांच्या रांगेत एक टोक वर येतं आणि बोटाला टोचतं. इथे काहीच टोचत नव्हतं! सगळ्या खणात एकही कार्ड उलटं नव्हतं.

तिने खोक्यातून मूठभर कार्डं काढली, भिंगरीसमोर रिकामा डबा ठेवला. "घाल बरं बाळा."

भिंगरीने एका हाताने खणाची मूठ सोडली नाही. दुसऱ्या हाताने कार्डं डब्यात कोंबली. एक उभं, एक आडवं, एक दुमडून, एक थेट तोंडात. मग आईकडे बघून टाळ्यांची वाट पाहू लागली.

धाकटीने टाळ्या वाजवल्या! आनंदाने तिचे डोळे भरून आले. चोर सोडून संन्याशाला फाशी! तोंडातला तुकडा खोक्यातला असेल, पण त्या खणातली कार्डं या चिमुकल्या हातांनी लावलेलीच नव्हती. लावणाऱ्याने एकेक कोपरा नीट जुळवला होता.

पण मग एवढ्या काळजीने कोपरे जुळवणाऱ्याला पांढरं-पिवळं कळू नये?

असं कसं होईल?

४

आधी गाठलं काना-मात्राला. तो टेंगळावर ओला रुमाल दाबून बसला होता.

"माझ्यावर संशय आहे ना?" तो स्वतःच म्हणाला. "असायलाच हवा. 'रन' मला वाचायला मिळाला नाही याचा मला राग आहे, उघड सांगतो. इतकी वर्षं या कोशाची एकही ओळ माझ्या नजरेतून सुटली नाही, आणि शेवटच्याच शब्दाला कुलूप? त्यात एक तरी चूक असणारच!"

"मग तुम्ही उघडून बघितलंत?"

"नियम म्हणजे नियम. आणि बघायला सवड आहे कुठे? वर्षभर अण्णा बाकीची सगळी मुद्रितं माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतायत. म्हणे, 'अर्थ कानाला कसा लागतो ते बघू.' माझा घसा बसला, त्यांचे कान काही भरत नाहीत."

"काल शेवटी कोण निघालं?"

"आम्ही सगळे एकदमच. मावशींनी कुलूप लावलं. अण्णा नेहमीसारखे माझा खांदा धरून जिना उतरले. गप्पा मारायला बरं पडतं म्हणतात."

"त्यांच्या हातात काही होतं?"

"काठी. मावशींच्या हातात पर्स, तीही एवढीशी. कार्डं बाहेर गेलेली नाहीत, पैज लाव!"

मग मावशी. त्या टाइप करता करता बोलत, आणि बोलण्याचा वेग बोटांपेक्षा जास्त.

"मी कशाला चोरू गं बाई? कोश संपला की माझं हे यंत्र भंगारात जाणार, हे खरं. पण माझ्या मुलीने मला बोलावलंय तिच्याकडे. मी तर दिवस मोजतेय! जायचं म्हणून केससुद्धा कापून घेतले, बघ ना." त्यांनी मान हलवली. कमरेपर्यंतची वेणी जाऊन मानेवर आखूड केस आले होते, त्याला आता महिना झाला.

"छान दिसतात, मावशी."

"तू तरी म्हणालीस. अण्णा काय म्हणाले माहितीये? केस कापल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 'मावशी, वेणी सांभाळा, यंत्रात अडकेल.' पूर्वीसारखंच! मी म्हटलं, थट्टा करताय होय म्हाताऱ्या बाईची? तर ते जे गप्प झाले..."

धाकटी उठून उभी राहिली. एकाएकी तिला एक जुनी दुपार आठवली. डॉक्टरांच्या खोलीत, तान्ह्या भिंगरीसमोर लाल चेंडू धरलेला. डॉक्टर म्हणाले होते, "आवाज करू नका. आवाज केला तर मूल कानाने बघतं, आणि आपल्याला वाटतं डोळ्याने बघतंय."

कानाने बघतं!

"मावशी," ती म्हणाली, "या कचेरीत अख्ख्या खणाची कार्डं मावतील एवढी रिकामी जागा कुठे आहे?"

"छे गं. खण नि खण भरलेला."

"छापून परत आलेले?"

"तेही भरलेलेच. आणि ते कोण उघडतंय? फीत बांधली की खण संपला. बांधलेल्या खणाला आपण हातसुद्धा लावत नाही."

"सगळे भरलेले? 'एक्स'सुद्धा?"

मावशींची बोटं थांबली. 'एक्स'ने सुरू होणारे शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तो खण म्हणजे मोठ्या घरात एकटा राहणारा भाडेकरू.

दोघी धावल्या. धाकटीने फीत सोडली, खण ओढला. तो जड होता!

आत पांढरी कार्डं. अण्णांचं वळणदार अक्षर. पहिल्याच कार्डावर ठळक तीन इंग्रजी अक्षरं: 'रन'.

"मिळाली!" मावशी ओरडल्याच. "चल, बाईंना सांगू!"

"थांबा," धाकटी म्हणाली. "आधी एकाला भेटायचंय."

५

अण्णांच्या खोलीत दिवा नव्हता. ते खिडकीकडे पाठ करून बसले होते.

"ये, पोरी," दार वाजायच्या आधीच ते म्हणाले. "भिंगरीला कडेवर घेतलंस, म्हणून डावा पाय जड पडतोय."

धाकटीने लेकीला खाली उतरवलं आणि खिशातून दोन कोरी कार्डं काढून त्यांच्यापुढे धरली.

"अण्णा, यातलं पिवळं कोणतं?"

अण्णांनी कार्डं घेतली. अंगठा एकावरून फिरवला, मग दुसऱ्यावरून. कापलेला कोपरा चाचपला. मग दोन्ही कार्डं मांडीवर ठेवली.

"पिवळीसुद्धा गेली का त्यात?" त्यांनी विचारलं.

"परवा खोक्यात मिसळली होती. तुम्हाला कुणी सांगितलं नाही."

"कोपरे मात्र बरोबर लावले होते मी."

"एकही टोचला नाही, अण्णा. म्हणूनच कळलं. कोपरे जुळवणारं मूल नसतं, आणि रंग न जुळवणारा डोळस नसतो."

अण्णा हसले, पण ते हसू ओठांवरच सुकलं. "काचबिंदू. गेलेलं परत येणार नाही म्हणतात डॉक्टर. बाकी सगळं कानाने निभावलं. पण 'रन' कुणी वाचायचा नाही, हा नियम माझाच! लिहिताना थोडं दिसत होतं, शेवटी शेवटी तेही गेलं. न तपासता कसा छापू? मुदत मागितली, बाईंनी नाही म्हटलं. म्हटलं, कोऱ्या कार्डांचा खण चुकून गेला असं होऊ दे. काल तुम्ही सगळे जेवायला बसलात तेव्हा अदलाबदल केली. आज संध्याकाळी खरी कार्डं पिशवीतून घरी न्यायची, रविवारी बहिणीकडून वाचून घ्यायची, सोमवारी परत. कुणाचंच काही बिघडलं नसतं."

"माझं बिघडतंय, अण्णा."

"तुझं? मी तर म्हटलं ना, बोल लावू नका म्हणून."

"तुम्ही आत गेल्यावर बाईंनी सांगितलं. चारपर्यंत कार्डं मिळाली नाहीत तर उद्यापासून भिंगरी इथे नाही. म्हणजे मीही नाही."

अण्णा खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी काठी शोधली. ती जागेवरच होती, तरी दोनदा हात चुकला.

"आणि मी लेकराच्या आडोशाला लपलो," ते म्हणाले. "बोलाव सगळ्यांना. नाही, थांब. मीच येतो. खांदा दे."

६

मोठ्या खोलीत सगळे उभे होते. अण्णांनी एका वाक्यात सांगून टाकलं, "कार्डं मी लपवली, कारण मला दिसत नाही." मावशींनी तोंडाला पदर लावला. काना-मात्रा पुटपुटला, "आणि मी म्हणालो, डोळे असलेला माणूस नाही..." मग त्याने जीभ चावली.

अध्यक्षबाई खुर्चीत बसल्या. त्या म्हणाल्या, "मला सांगायचं होतंत."

"तुम्ही मला घरी बसवलं असतंत."

"बसवलंच असतं," बाई म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मग घड्याळाकडे बघून, "गाडीवाल्याला खाली थांबवते. नियम तुमचाच आहे ना? मग तुम्हीच मोडा. वाचा सगळे!"

आणि काय वाचन झालं ते! टेबलावर कार्डांच्या थप्प्या, चहाचे कप, तीन वाचणारे आणि एक ऐकणारा. नाक वाहिलं, यंत्रं चालली, रंग गेले, उमेदवार उभे राहिले. अण्णा डोळे मिटून मान डोलावत, मध्येच "छे, तो शब्द बदला" म्हणत. काना-मात्राच्या गालांवर लाली चढली होती. पण एकही चूक सापडेना!

सगळ्यांत शेवटी धाकटीने पहिलं कार्ड घेतलं. पहिला अर्थ, साधा, मुळातला. अण्णांनी तो मुद्दाम शेवटी लिहायला ठेवला होता.

ती वाचायला गेली आणि थांबली.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, यावर वर शब्द आहे फक्त. खाली... काहीच नाही."

"असं कसं? मी लिहिलंय!"

काना-मात्राने कार्ड हिसकावून खिडकीशी तिरपं धरलं. "लिहिलंय. पेनातली शाई संपली होती. नुसते ओरखडे उठलेत." तो अडखळत वाचू लागला, "'जलद... चालणे.'" आणि त्याचे डोळे चमकले. "चूक! जलद चालणे म्हणजे पळणे नव्हे! जलद तर मीही चालतो!"

"चूकच," अण्णा खालच्या आवाजात म्हणाले. "सगळ्यांत सोपा अर्थ, आणि तोच जमला नव्हता. मग काय लिहायचं?"

धाकटीने लिहायला पेन उचललं. खाली गाडीवाल्याने भोंगा वाजवला.

भिंगरी खणांच्या रांगेशी उभी होती, मूठ धरून. तिच्या वयाची मुलं अंगणभर हुंदडत होती आणि ही अजून कशाचा तरी आधार धरून टुकूटुकू चालायची. डॉक्टर म्हणत, घाई नको. धाकटी म्हणे घाई नाही, आणि रोज मनात मोजत राही. भोंग्याने भिंगरी दचकली. खोलीच्या दुसऱ्या टोकाला आईला बघितलं. मूठ सोडली.

टप. टप. टप टप. टप टप टप!

धाकटीच्या हातातलं पेन गळून पडलं. "अगं, पडशील..." पण ती पडली नाही. दोन्ही हात वर करून, किंचाळत हसत, सरळ येऊन आदळली ती अण्णांच्या गुडघ्यांवर. ते वाटेत बसले होते.

अण्णांनी तिला चाचपून धरलं. त्यांची मान ताठ झाली होती.

"ऐकलंत?" ते म्हणाले. "आधी जमीन सुटतच नव्हती. एक टेकलं, मगच दुसरं उचललं. आणि शेवटी, दोन पावलांच्या मध्ये, क्षणभर जमिनीवर काहीच नव्हतं. लिही, काना-मात्रा! पावलागणिक क्षणभर दोन्ही पाय जमिनीवरून सुटतील, अशा गतीने जाणे."

काना-मात्राने लिहिलं, पेनात शाई आहे की नाही ते तीनदा बघून. मग कार्ड हातात धरून तो कुरबुरला, "वेलांट्या बरोबर आहेत. पण उदाहरण नाही. उदाहरणाशिवाय अर्थ छापायचा नाही."

अध्यक्षबाई उठल्या होत्या, गाडीवाल्याला सांगायला. दारापाशी त्या वळल्या. भिंगरी अण्णांच्या काठीची मूठ चाखत होती.

"उदाहरण लिहा," त्या म्हणाल्या. "'आईला पाहताच मूल पळत सुटले.'" आणि धाकटीकडे न बघता पुढे म्हणाल्या, "आणि ते उद्या जरा वेळेवर आण. कोशाची दुसरी आवृत्ती काढायचीय. तोवर अण्णांना वाचून दाखवायला माणूस लागेल, आणि मला खात्री करून घ्यायचीय की उदाहरण अजून पळतंय."